उजवा कौल

बाबली गुरवाने दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या, देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली आणि तो मागे सरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या परशुरामाच्या चेडवाची सोयरीक आंबोलीच्या घरात जुळवची आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," देवळातली माणसं एका आवाजात म्हणाली. खांबाला टेकून उभ्या असलेल्या पोतदार मास्तरांचेही ओठ हलले. हायस्कुलात सायन्स शिकवणाऱ्या माणसाने तिथे ओठ हलवावेत का, हा प्रश्न त्यांना नंतर पडला. घाटावरून इथे यायचं, परशुरामाच्या पडवीत राहायचं, त्याच्याच घरचं जेवायचं, आणि वर तोच शाळेच्या कमिटीवर. अशा माणसाचे ओठ आपोआप हलतात.

परशुरामाची मुलगी सुगंधा आईच्या मागे उभी होती. ती मास्तरांच्याच वर्गात, दहावीला. हायस्कूल नवं होतं आणि गावातली एकही मुलगी अजून मॅट्रिक झाली नव्हती. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची; पुढच्या वर्षी ही झाली असती. पण आंबोलीचे लोक शिमगा आटोपताच लग्न मागत होते, आणि त्यांच्या वाडीपासून हायस्कूल फार लांब होतं.

उजव्या खांद्यावरची पाकळी आधी ओघळली. परशुरामाने हात जोडले.

मास्तरांनी सुगंधाकडे पाहायचं टाळलं. काही दिवसांपूर्वी फळ्याकडे पाठ करून ते वर्गात मोठ्या रुबाबात म्हणाले होते, "सायन्स म्हणजे नुसत्या बाटल्या आणि चुंबक नव्हे. कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की त्याला एकच विचारा. काय दिसलं तर तू म्हणशील, की माझं चुकलं? ज्याच्यापाशी याचं उत्तर नाही, त्याला काहीच ठाऊक नाही."

"कुणालाही विचारायचं, सर?" सुगंधाने विचारलं होतं.

"कुणालाही."

त्याच संध्याकाळी ती पडवीत आली आणि बाबांशी लग्नाबद्दल बोलाल का म्हणाली. तेव्हाही ते त्याच रुबाबात "बोलतो की" म्हणाले होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

"बाबानूं," सुगंधा आईच्या मागून पुढे आली. "आणखी एक इचारा. मी मॅट्रिक होऊचा काय?"

देवळात कुजबुज झाली. परशुरामाचा मुलीवर जीव होता. त्याने गुरवाला मान हलवून खूण केली.

मास्तर खांबापासून सुटे झाले. पोरीने काय मांडलंय ते त्यांच्या ध्यानात आलं. लग्नाला होकार आला होता. आता शाळेलाही आला, तर दोन्ही होकार एका घरात नांदायचे नाहीत, आणि कुणाला तरी कुठेतरी चुकलं म्हणावं लागेल. आपण शिकवलेलं असं कुणी वापरताना ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना अभिमान वाटला, आणि भीतीही.

नव्या पाकळ्या लागल्या. बराच वेळ दोन्ही हलल्या नाहीत. मग उजवी पडली.

"आता?" सुगंधा म्हणाली.

"आता काय?" बाबली हसला. "देवान दोन्ही दिल्यान. लगीन करून शिकांदे."

"घो मॅट्रिक झालेलो आसा," परशुराम खुशीत म्हणाला. "तोच शिकयतलो."

"आणि ह्यो डावो पडलो असतो तर?" सुगंधाने बाबलीला विचारलं.

"तर शिकाक नाय. लगीन तेवढां."

"आणि पयलो डावो पडलो असतो तर?"

"तर फुडल्या सोमवारी परत कौल लावलो असतो," बाबली म्हणाला. "देवाक कंटाळो येत नाय गो."

लोक हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. पोरगी हुशार म्हणून कौतुकानेच हसले. सुगंधा मात्र एकेक दार ढकलून पाहत होती, आणि प्रत्येक दार त्याच खोलीत उघडत होतं.

परशुराम मास्तरांकडे वळला. "मास्तर, तुमी शिकलेले. तुमका काय वाटता?"

सगळं देऊळ त्यांच्याकडे पाहू लागलं. सुगंधाही. मास्तरांना कायम करायचं की नाही, हे पुढच्या कमिटीत ठरायचं होतं. परशुरामाच्या विचारण्यात तसलं काही नव्हतं. त्याने खरोखरच विचारलं होतं, आणि तेच मास्तरांना जड गेलं.

"देवानंच सांगितलं म्हटल्यावर," ते म्हणाले, "मी वेगळं काय सांगणार?"

दिवेलागणीला सुगंधा रोजच्यासारखी ताट घेऊन पडवीत आली. भात होता, सोलकढी होती. तिने ताट ठेवलं, पण ती गेली नाही.

"तिथे लोक होते ना," मास्तर आपणहून म्हणाले. "चारचौघांत तुझ्या बाबांचा मान राहिला नसता. एकटे असते तर बोललो असतो."

"परवा बाबा इथेच बसले होते, सर. एकटेच."

"परवा त्यांचं डोकं दुखत होतं."

"त्याआधी?"

"त्याआधी सोयरीक पक्की कुठे होती? उगाच कशाला विषय काढायचा? आणि आता पक्की झाल्यावर..."

सुगंधाने पाण्याचा तांब्या ताटाशेजारी सरकवला. वर्गात अडलेली शंका विचारावी तशा आवाजात, रागाचा मागमूस नसताना, तिने विचारलं, "काय झालं असतं तर तुम्ही बोलला असतात, सर?"

मास्तरांनी खरोखरच आठवून पाहिलं. बाहेर माडांच्या झावळ्या वाजत होत्या. सुगंधा उत्तराची वाट बघत उभी राहिली, जणू अजूनही एखादं उत्तर निघू शकेल.

"मास्तर," आतून परशुरामाने मायेने हाक दिली, "जेवलात काय?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

ताटाला त्यांनी अजून हात लावला नव्हता.