गल्लीच्या वळणावरची खोली

अख्ख्या शहरातली घरं कुठं वाढवायची ते आमच्या ह्यांनी ठरवलं, आणि पोटच्या पोराचं घर तेवढं विसरले. नगररचना कार्यालयात हयात घातलेला माणूस. घराच्या कोपऱ्यावरच्या खोलीत बसून नकाशे रंगवणार. पिवळा म्हणजे वस्ती, हिरवा म्हणजे मोकळी जागा. आणि पिवळी पेन्सिल कुणी जरा हलवली की घर डोक्यावर घेणार.

सुनेला दिवस गेले तसं घर पुरेना. मुलगा म्हणाला, वर मजला चढवू, नाहीतर मी पार शहराबाहेरच्या नव्या वस्तीत घर बघतो. ह्यांच्या नव्या आराखड्यात जुन्या भागात मजले चढवायला परवानगी होती, फक्त आमची गल्ली सोडून. का, तर गल्ली अरुंद, आगीचा बंब आत येत नाही. माझं पित्त खवळलं. लोकांच्या लेकरांना छप्पर देता आणि आपलं नातवंड गावाबाहेर धाडता का, असं तोंडावर विचारलं.

"आपली गल्ली आहे, म्हणूनच मला सूट देता येत नाही," हे म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला आणि त्याचं डोकं फोडावंसंही वाटलं.

आराखड्यावर कुणीही हरकत घेऊ शकतं, हे ह्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. मी घेतली. त्याआधी गल्लीतलं दार न् दार वाजवलं. शिंपीणबाई दारातली पायरी काढायला लगेच तयार झाल्या. निवृत्त मास्तर कुंपणावरून जरा फुगले, पण त्यांच्याही मुलाला वर खोली हवीच होती. प्रत्येकाने दारासमोरची जागेची पट्टी सोडली की बंब आरामात आत येतो. थापा नाही मारत, बंबाच्या ठाण्यावर जाऊन गाडीची रुंदी मी स्वतः दोरीने मोजून आणली होती.

सुनावणीला मला बघून ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तडक उठले, सुनावणी घेणाऱ्या साहेबबाईंना म्हणाले की अर्जदार माझी बायको आहे, मी अधिकाऱ्यांच्या बाजूला बसणं बरं नाही. आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. कितीतरी वर्षांनी आम्ही असे चारचौघांत एका बाकावर बसलो असू.

मी तोंडाचा पट्टा सोडला. साहेबबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग नकाशावर बोट ठेवलं. गाडी आत येईल, पण टोकाच्या वळणावर वळणार कशी?

रुंदी मोजली आणि वळण विसरले! इतकी वर्षं नकाशेवाल्याशी संसार करून ही माझी हुशारी. मागे मुलगा उभा होता, त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात हे उठले. म्हणाले, "वळणावरचं घर आमचं आहे. कोपऱ्यावरची खोली पाडली की गाडी वळते. ती मी पाडतो."

त्यांची खोली. मी सगळं मागितलं असतं, ती नसती मागितली. साहेबबाईंनी हरकत मान्य केल्याचं सांगितलं ते मला धड ऐकूही आलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं, हे आधीच माहीत होतं का तुम्हाला?

"होतं. पण गल्लीने पट्टी सोडल्याशिवाय माझ्या खोलीचा काय उपयोग? आणि पोरासाठी लोकांच्या पायऱ्या मी कुठल्या तोंडाने मागणार? तू मागितल्यास."

मला रडू आलं, आणि तिथं रस्त्यात रडवलं म्हणून रागही आला.

आता नकाशे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतात. भाजी चिरायला जागा नसते. वर नात धाडधाड पळते. परवा तिने पिवळी पेन्सिल पळवली आणि नकाशातली सगळी हिरवी जागा पिवळी करून टाकली. मी तिला पटकन मागे ओढलं. हे चष्मा सारखा करून नकाशावर वाकले.

"हिला सगळी माणसं जवळच हवीत," म्हणाले. "तुझ्यावर गेलीय."