आरसा शाबूत होता

मित्रांनो, मी एक जुनी ऑटोरिक्षा आहे आणि माझ्यावर कसलाही गुन्हा शाबीत झालेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते पटणार नाही. हल्ली मी होसकोटे रस्त्यावर एका भंगारवाल्याच्या आवारात पडून असते. माझं टप फाटलं आहे आणि मीटर कोणीतरी काढून नेलं आहे. विचारपूस करायला कोणी येत नाही, आणि यावं असं मलाही वाटत नाही.

बेंगळूरच्या रस्त्यावर मी आले ती एकोणीसशे सत्त्याऐंशी साली. माझा मालक कृष्णात निपाणीकडचा. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड. त्याची बायको कावेरी इथलीच, बसवनगुडीतली. कृष्णात मला रोज पुसायचा, गरोदर बाई बसली की गतिरोधकावरून अलगद न्यायचा, कोणी पिशवी विसरलं तर शोधत जाऊन परत करायचा. स्टँडवर त्याला सगळे चांगला माणूस म्हणत. तो वाईट असता तर ही गोष्ट सांगणं मला सोपं गेलं असतं.

आमच्या गावात आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गाड्यांचा मोठा मान असतो. चाकाखाली लिंबं ठेवतात, कोहळा फोडतात, आणि पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना केळीचे हातभर खुंट पानांसकट बांधतात. चौऱ्याण्णव सालीही मला असंच सजवलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फार मिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना कावेरी दारातून म्हणाली, "री, अहो, ते केळीचे खुंट काढा की आता. उजवा आरसा पार झाकलाय."

"पूजेचं हाय ग. तीन दिवस तरी ऱ्हाऊ दे," कृष्णात म्हणाला.

जे. पी. नगरच्या एका चौकात त्याने मला उजवीकडे वळवलं. सवयीने त्याने आरशाकडे पाहिलं, पण तिथे नुसतं केळीचं पान होतं. हात बाहेर काढला नाही, मान वळवली नाही. मागून एक स्कूटर सरळ, आपल्या बाजूने येत होती. माझा पत्रा तिला लागला तेव्हा मला फक्त एक हिसका बसला. स्कूटरवरचा माणूस मात्र दुभाजकावर जाऊन आपटला.

लोक धावले. कृष्णातही धावला, पण आधी माझ्याकडे. त्याने केळीचे खुंट उपटले आणि गटारात टाकले. मग तो त्या माणसाजवळ गेला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडला. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. रडणं खोटं नव्हतं.

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, ‘ऑटोचा आरसा शाबूत.’ मग वाहन निरीक्षक आले, त्यांनी माझे ब्रेक दाबून पाहिले आणि यांत्रिक दोष नाही असा दाखला दिला. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र. त्याची मला आजही शरम वाटते.

स्कूटरवरच्या माणसाचं नाव श्रीरंग. तो पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्याचा जीव गेला. त्यानंतर त्याची बायको स्मिता फिर्याद द्यायला एकटीच पोलीस ठाण्यात आली. मी खिडकीलगत आवारात उभी होते. कृष्णात जामिनावर होता आणि मला सोडवायला आला होता. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. स्मिताने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तिने हिंदीत सांगितलं, हवालदाराने कन्नडमध्ये लिहून घेतलं. कागद पुढे आला तशी ती म्हणाली, "मुझे कन्नड नहीं आता. " मग तिच्या तोंडून मराठीच निघालं, "प्लीज, कोणीतरी वाचून दाखवा. चूक कोणाची ते नीट लिहिलंय ना, एवढंच. उद्या मला माझ्या मुलीला सांगायचंय."

हवालदाराने बाकाकडे बोट केलं. "इवनिगे मराठी बरत्ते," ह्याला मराठी येतं, असं तो म्हणाला. आपण कोणाकडे बोट करतोय याचं त्याला भान नव्हतं की होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

कृष्णातने कागद घेतला. तो खालपर्यंत वाचेस्तोवर बराच वेळ गेला.  सांग रे बाबा, सांगून टाक, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

"सरी हाय, ताई," तो म्हणाला. "तुमी सांगितलं तसंच लिव्हलंय. करा सही."

स्मिताने सही केली. "थँक यू, दादा. इथे आपलं माणूस भेटलं, बरं वाटलं," ती म्हणाली.

पुढे तीन वर्षांनी नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला. मी कोर्टाच्या आवारात झाडाखाली होते. आत काय घडलं ते कृष्णात आणि वकील माझ्याच सीटवर बसून बोलले, म्हणून मला समजलं. विमा कंपनीच्या वकिलाने ती फिर्याद वाचली. सही तुमचीच का, असं स्मिताला विचारलं. ती हो म्हणाली. दावा फेटाळला गेला. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या कृष्णातला तिने ओळखलं.

वकील गेल्यावर ती आमच्यापाशी आली. तिच्या हातात कागदाची प्रत होती.

"दादा, हा वाचा. या वेळी नीट."

हवालदाराने स्वतःच्या मनाने लिहिलेलं कृष्णातने वाचलं, मराठीत, एकेक ओळ. "माझे पती कामाला उशीर झाल्याने अतिवेगाने जात होते. चूक त्यांचीच आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

"आणि खरं काय झालं होतं?"

"आरसा झाकलेला हुता, ताई. केळी बांधली हुती. मला ते दिसलंच न्हाईत."

"मग हेच आत येऊन सांगा. मी पुन्हा अर्ज करते. मुग्धा पाच वर्षांची आहे. सासूबाई तिला सांगतात, तुझा बाबा बेफाम चालवायचा, म्हणून गेला. मला पैसे नकोत हो. फक्त ती ओळ बदलून द्या."

कृष्णातने कागद घडी करून तिच्या हातात दिला.  मग त्याने मला सुरू करायचा दांडा ओढला. मी हट्टी म्हणून प्रसिद्ध होते, चार-पाच वेळा ओढल्याशिवाय कधी हलायची नाही. त्या दिवशी अडून बसायचं, असं मी ठरवलं होतं. पण यंत्राचं ठरवणं ते काय! मी पहिल्याच ओढीला सुरू झाले आणि ती माझ्या धुरात उभी राहिली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गाड्या चालवाल. वळण्याआधी मान वळवून मागे बघा, आरसा स्वच्छ ठेवा, हे तुम्हाला शाळेतही शिकवतील. माझी विनंती निराळी आहे. कधी तुमच्या हातून कोणाचं वाईट झालं आणि ते माणूस तुमच्यासमोर येऊन खरं मागू लागलं, तर गाडी सुरू करू नका. खाली उतरा.