हर्मीनच्या वाट्याचं पान

गेसीना फ्लॉकला पुस्तकांची शिसारी यायची, आणि पुस्तकावाचून तिचा एक दिवस जात नसे.

दक्षिण आफ्रिकेतल्या विटक्रान्स गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली होती. कानाला शेतांवरची बडबड, मांडीवर कादंबरी. त्यामुळे माणसं खरी कशी बोलतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि कादंबरीतल्या माणसानं तोंड उघडलं की हिच्या कपाळाला आठी पडायची. "नवरा गेला की बाई फोनवर काय म्हणते? 'आता मेंढ्यांचं पाणी कोण बघणार?' असं म्हणते," ती वाचनमंडळात सांगायची. "आणि कादंबरीतली बाई? ती खिडकीशी उभी राहते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खिडकीशीच. घरात कामं नसतात का मेलीला?" शहरातून मुलगा बापाच्या शेतावर परत येतो, माळ्यावर पेटी सापडते, पेटीत बापाचं पाप निघतं, हे तर तिनं इतक्यांदा वाचलं होतं, की पेटी दिसली की ती सरळ शेवटचं पान उघडायची.

पण कादंबऱ्या परवडल्या असं वाटायला लावणारी एक जात होती, ती म्हणजे आफ्रिकान्स भाषेतली प्रवासवर्णनं. केप टाउनच्या कुणा पुरुषाला बायको सोडून जाते. तो जुना पिकअप घेतो, मागे कुत्रा बसवतो आणि आमच्या कारूच्या उजाड माळावर सत्य शोधायला येतो. आधी धूळ, मग सूर्यास्त, मग निखाऱ्यावरची भाकरी. मग एक म्हातारा मेंढपाळ, जो दिवसभरात एकच वाक्य बोलतो आणि ते भलतंच खोल असतं. गेसीनाच्या ओळखीचे सगळे मेंढपाळ फोनवर आले की रग्बीवर बोलत सुटायचे आणि लाइन तोडावी लागायची. शिवाय गावागणिक एक टान्नी असायचीच. वडीलधाऱ्या बाईला टान्नी म्हणणं ही इथली रीत, त्यात काही वावगं नाही. पण हे साठी ओलांडलेले घोडे स्वतःहून लहान बाईलाही टान्नी म्हणत होते, कारण टान्नीच्या हातचं पुस्तकात जास्त रुचकर लागतं.

चांगली वाक्यं गेसीना विसरून जायची. वाईट वाक्यं मात्र तिला शब्दन् शब्द पाठ असत, आणि महिन्याच्या बैठकीत ती डोळे मिटून ती म्हणून दाखवायची. बायका हसून हसून बेजार व्हायच्या. लेखकाची दया कुणालाच येत नसे.

विटक्रान्सच्या वाचनमंडळाची रीत जुनी होती. पुस्तकाची एकच प्रत घ्यायची, ती ठरलेल्या क्रमानं घरोघर फिरायची. ओकाम्पकडून सुरुवात, झीडरबर्गकडे शेवट. पाळी मोडून पुस्तक मागणं म्हणजे प्रार्थनेआधी ताटाला हात लावण्यासारखं होतं. पुस्तकाचा फेरा संपला की जिच्याकडे ते शेवटी पोचलं तिच्याच घरी चर्चा व्हायची.

वेसेल लाऊबशेरचं 'धुळीतले दिवे' अशा रीतीनं फिरत फिरत गेसीनाकडे आलं, तेव्हा मंडळात एकच घर उरलं होतं, हर्मीन झीडरबर्गचं. आणि त्या पुस्तकाची सगळ्यांत जास्त वाट बघत होती तीही हर्मीनच.

कारण हा लाऊबशेर तिच्याकडे राहून गेला होता. त्याच्या पिकअपचा गिअरबॉक्स विटक्रान्समध्ये मोडला, नवा येईपर्यंत अख्खा हिवाळा तो हर्मीनच्या पाहुण्यांच्या खोलीत होता. हर्मीन विधवा, पन्नाशी सरलेली, त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहानच. तिनं त्याला मटण रांधून घातलं, त्याचे मोजे रफू केले, संध्याकाळी ओट्यावर बसून सोडून गेलेल्या बायकोबद्दलची त्याची रडगाणी ऐकली. दुसऱ्या महिन्यात तिनं निळा ड्रेस शिवून घेतला. जाताना तो म्हणाला, "हर्मीन, तू माझ्या पुस्तकात असशील." तेवढ्या वाक्यावर बाई दोन वर्षं जगत होती. पुस्तक विकत घ्यायला ती धजली नाही. स्वतःचं नाव वाचायला पैसे मोजणारी बाई म्हणून गावानं तिला जन्मभर चिडवलं असतं.

गेसीनानं ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून हात धुऊन आली.

नाव बदललेलं नव्हतं. 'टान्नी हर्मीनला डांबराच्या गोळ्यांचा आणि मेंढीच्या चरबीचा वास यायचा,' असं लिहिलं होतं. 'लापशी वाढायलाही ती ओठ रंगवून यायची. तिचं एकटेपण ओल्या कुत्र्यासारखं अंगाशी येई, आणि मी ताप आल्याचं सोंग करून खोलीचं दार लावून घेई.' त्याच पानाच्या मागच्या बाजूला पुन्हा तिच्या पाणचट कॉफीवर एक परिच्छेद. ज्या ताटात जेवला त्यातच थुंकला होता मेला. खाल्ल्या मिठाला जागणं दूरच, मीठ जास्त होतं हेही छापून मोकळा झाला होता.

पण लाऊबशेर हा लेखक होता, त्याच्याकडून गेसीनाची अपेक्षाच नव्हती. तिला खरी किळस आली ती वेगळ्याच गोष्टीची. हे पुस्तक इतकी घरं फिरून आलं होतं, आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. ती तशीच उठून लेटी ओकाम्पकडे गेली. लेटी म्हणजे गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेताची मालकीण, मंडळाची अध्यक्ष. ती हिरव्या अंजिरांचा मुरंबा ढवळत होती.

"वाचलंस?" गेसीनानं दारातूनच विचारलं.

"ये, बस. कॉफी टाकते."

"हर्मीनचं पान वाचलंस का, ते सांग."

लेटीचा डाव पाकात थांबला. "वाचलं बाई. सगळ्यांत आधी मीच वाचलं."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? ज्याच्यासाठी निळा ड्रेस शिवलास त्याला तू ओल्या कुत्र्यासारखी वाटलीस, असं? माझ्यानं नाही होत असलं. बाकीच्यांनाही नाही झालं. म्हटलं, पुस्तक शेवटी गेसीनाकडे जाईलच. ती कुणाची भीड ठेवते? ती सांगेल तोंडावर."

"म्हणजे घाण सगळ्यांनी बघितली, नाकाला रुमाल लावून पुढे गेलात, आणि झाडू माझ्या हातात."

"तुझ्या हातात तो कायमच असतो, गेसीना," लेटी म्हणाली आणि मुरंबा ढवळू लागली.

गेसीना घरी आली. पानाचा कोपरा दुमडला म्हणून तिनं एकदा सख्ख्या बहिणीशी अबोला धरला होता. त्याच बाईनं नवऱ्याचं दाढीचं जुनं पातं काढलं, पुस्तकाच्या शिवणीलगत चालवलं आणि ते पान चुलीत घातलं. मग पुस्तक घेऊन ती हर्मीनकडे निघाली, कारण आणखी एक रात्र ते घरात राहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता.

हर्मीन ओट्यावरच होती. "आण गं इकडे," म्हणाली. "किती दिवस लावलेस. आवडलं?"

"मला काय आवडतं?"

हर्मीन हसली. चष्मा पुसून तिनं थेट विटक्रान्सचं प्रकरण काढलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. 'गिअरबॉक्स येईपर्यंत मी जिच्या घरी राहिलो, ती' इथे पान संपत होतं, आणि पुढचं सुरू होत होतं ते 'पहाटे मी रस्त्याला लागलो' असं. तिनं पान पुढे केलं, मागे केलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

"गेसीना, यात पान नाहीये."

"माझ्या हातून कॉफी सांडली. पार लगदा झाला. काढून टाकलं."

"तुझ्या हातून?"

"म्हातारी झाले मी."

हर्मीननं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाली, "पण तू वाचलंयस ना? तुला तर सगळं पाठ असतं. म्हण."

गेसीनाला पळून जावंसं वाटलं. घसा खाकरून तिनं डोळे मिटले. "'ती म्हणजे हर्मीन. विटक्रान्समध्ये मला एक दार उघडं मिळालं,'" ती म्हणाली. असल्या उघड्या दारांची तिनं आजवर किती टवाळी केली होती. "'संध्याकाळी डोंगर जांभळे व्हायचे. ती ओट्यावर येऊन बसायची. तिच्या हातांकडे बघता बघता मला कळलं, की घर म्हणजे काय.'"

हर्मीननं आपल्या हातांकडे पाहिलं. "ड्रेसबद्दल काही आहे?"

"आहे. 'तिच्या निळ्या ड्रेसमध्ये कारूचं सगळं आभाळ मावलं होतं.'" हे वाक्य छापून आलं असतं तर गेसीनानं लेखकाला वर्षभर सोडलं नसतं.

"मला टान्नी म्हणतो का गं?"

"नाही. हर्मीन म्हणतो. नुसतं हर्मीन."

"बैठकीत म्हणशील हे? सगळ्यांसमोर? त्यांनी वाचलंय म्हणा, पण तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

गेसीना 'हो' म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

बैठकीला हर्मीननं तोच निळा ड्रेस घातला होता. दुधाचं टार्ट टेबलावर होतं, बायका विणकाम घेऊन भिंतीकडेनं बसल्या होत्या, आणि एकीचीही नजर वर नव्हती. गेसीना उभी राहिली. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. लेटीकडे रोखून बघत तिनं उघडं दार म्हटलं, जांभळे डोंगर म्हटले, हात आणि आभाळ म्हटलं, आणि वर चांदण्यांचं एक वाक्य नव्यानं घातलं. विणकामाच्या सुया थांबल्या होत्या. तिला त्या सगळ्यांची घाण वाटत होती आणि स्वतःचीही. पण आवाज तिनं हलू दिला नाही.

"अगदी असंच होतं," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. "आभाळाचं मला फार आवडलेलं." मग दुसरीला हात आठवले. तिसरी म्हणाली, हे वाचून तिला रडू आलं होतं. एकीनं सुरुवात केल्यावर बाकीच्यांना कंठ फुटला, आणि कधीच न लिहिलेलं ते पान सगळ्यांना लख्ख आठवू लागलं.

हर्मीन टार्ट कापायला सुरी घेऊन उभी होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"इतकं छान लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली, "तर इतक्या महिन्यांत एकीनंही मला सांगितलं कसं नाही?"

सुया घाईघाईनं पुन्हा चालू लागल्या. हर्मीन एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

लेटी ओकाम्पनं बशी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. या बाईनं उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती, चर्चमध्येसुद्धा ती ताठच बसायची.

"हेवा वाटला म्हणून," लेटी म्हणाली. "सगळ्यांत जास्त मला. माझ्या नवऱ्यानंही माझ्याबद्दल असं कधी म्हटलं नाही. मीच या सगळ्यांना म्हटलं, तिला सांगू नका, डोक्यावर बसेल." तिचे कान लाल झाले होते. "वाईट वागले मी."

हर्मीननं सुरी उचलली, टार्टचा सगळ्यांत मोठा तुकडा कापला आणि लेटीच्या बशीत ठेवला.

"जाऊ दे गं," ती लेटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "होतं असं माणसाचं."