टिनापाची खाज

रोग बरा करण्यापेक्षा त्याचा छडा लावण्यात नोएमीला जास्त मजा यायची. ही गोष्ट ती कुणापाशी कबूल करत नसे, पण मनिलाहून जनावरांची डॉक्टर होऊन ती कुरिमावला परतली आणि बाजारामागे तिने छोटासा दवाखाना थाटला, तेव्हापासून गावाला ती चांगलीच ठाऊक झाली होती. डुकराला ताप असो की कोंबड्याची मान वाकडी होवो, तिचे डोळे असे काही चमकायचे की मालकाला तिचा थोडा रागच यावा. त्यामुळे गाव ज्यांना मानांग, म्हणजे थोरली ताई, म्हणायचं त्या फ्लोरिंग आपला कुत्रा काखोटीला मारून पायऱ्या चढून आल्या, तेव्हा नोएमी खुर्चीतून जवळजवळ उडीच मारून उठली. धुरावलेल्या माशासारखा तांबूस रंग म्हणून त्याचं नाव टिनापा. पण खाजवून खाजवून त्याच्या कुशीवरचे केस गेले होते आणि उरलेल्या अंगावर काळा चिकट थर बसला होता.

“हे काय फासलंय, मानांग?”

“मोटारसायकलचं जळकं तेल. शेजारचा बेर्तो म्हणाला, याने खरूज पळते.”

“आधी बेर्तोला फासा. तो पळतो का बघू.”

मानांग हसल्या, आणि नोएमीला बरं वाटलं. त्यांना हसताना गावाने बरेच दिवस पाहिलं नव्हतं. त्यांचा मुलगा डेल्फिन मालवाहू जहाजावर नोकरीला होता. भर समुद्रात एका सकाळी तो जहाजावर कुठेच सापडला नाही, आणि समुद्राने त्याचं काहीच परत दिलं नाही. तेव्हापासून त्या लाकडी घरात त्या आणि डेल्फिनचा हा कुत्रा, एवढेच उरले होते. मुलगी लोर्ना बाग्यिओला डोंगरावर राहायची आणि दर फोनला ‘आई, इकडे ये’ म्हणून रडायची. मानांगचं उत्तर ठरलेलं असे. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

नोएमीने टिनापाच्या कानाची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हलकेच चोळली. त्याबरोबर त्याचा मागचा पाय हवेतल्या हवेत खाजवू लागला, टकटक टकटक, टेबलावर आपटत.

“बघितलंत? कान चोळला की पाय हलतो. खरजेचे किडे असले की बहुतेक कुत्री असं करतात.”

“हा पिल्लू असल्यापासून आमचा डेल्फिन याला असंच करायचा. त्याला गंमत वाटायची.”

नोएमीने कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकही किडा नव्हता. तरी तिने औषध दिलं, खाज तशीच राहिली. मग तिने पिसवांचा कंगवा फिरवला, त्यातून निघालेली घाण ओल्या कागदावर टाकली, पण कागदावर लालसर डाग उमटला नाही, म्हणजे पिसवाही नव्हत्या. मग टिनापाने जन्मात न खाल्लेलं असं काहीतरी म्हणून बकऱ्याचं मांस आणि रताळं सुरू केलं. दुसरा घास तोंडात जाता कामा नये, अशी ताकीद दिली, आणि मानांगनी ती इतकी पाळली की शेवटी टिनापा रताळं दिसलं की पलंगाखाली जाऊन बसायचा. फरक काडीचा नाही. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. नोएमीला मात्र रात्री झोप लागेनाशी झाली, आणि तीही आनंदाने.

मग एक अजब गोष्ट घडली. नातीच्या वाढदिवसाला, बेर्तोला घरावर लक्ष ठेवायला सांगून, मानांग टिनापाला घेऊन दोन-तीन आठवडे बाग्यिओला गेल्या, आणि तिथे त्याची खाज कुणी हाताने पुसून टाकावी तशी गेली. जखमा सुकल्या, केसांची लव फुटली. परत आल्यावर मानांगनी दार उघडलं, टिनापा आत धावला, आणि कॉफीचं पाणी उकळायच्या आत पुन्हा कुशी चावू लागला.

“घरात आहे!” नोएमी टाळी वाजवून ओरडली. “मानांग, जे काही आहे ते तुमच्या घरातच आहे!”

तिने मनिलाहून तपासणीचं सामान मागवलं. टिनापाच्या कुशीवरची जागा भादरून तिथे ओळीने बारीक बारीक सुया टोचायच्या. एकीत गवताचा अर्क, एकीत झुरळांचा, एकीत गादीतल्या किड्यांचा, असं करत करत. ज्याचं वावडं असेल तिथे गांधी उठते. मानांगनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि दोघी श्वास रोखून त्या कातडीकडे बघत राहिल्या. गवताचं काही नाही. झुरळांचं नाही. किड्यांचंही नाही. शेवटच्या ओळीत मात्र एक टिपका लाल झाला, फुगला, आणि बघता बघता टरारून वर आला.

नोएमी हसतच सुटली. “माणूस! अहो, याला माणसाचं वावडं आहे! आपल्या कातडीचा जो कोंडा झडतो ना, त्याचं!”

“माझं?”

हसता हसता नोएमी थांबली. टिनापा सकाळपासून मानांगच्या मांडीवर होता. बाग्यिओला तो त्यांच्याच कुशीत झोपला होता, नातवंडं त्याच्या अंगावर लोळली होती, आणि तिथे तर तो बरा झाला होता.

“तुमचं नाही,” ती सावकाश म्हणाली. “कुणातरी एकाचंच असावं. घरात दुसरं कोण असतं?”

मानांगनी मांडीवरच्या टिनापाकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळत गेला की नोएमीला त्याच्याकडे बघवेना.

“डेल्फिन रजेवर आला की हा असाच खाजवायचा,” त्या म्हणाल्या. “आम्ही म्हणायचो, जहाजावरच्या साबणाने होत असेल. रजा संपून तो गेला की हा बरा.”

नोएमीच्या अंगावर काटा आला, पण डॉक्टरचं डोकं त्याहून चपळ होतं. “बरोबर! त्याची गादी, त्याचे कपडे. त्याच्या कातडीचा कोंडा अजून त्यात आहे, मानांग.”

“तो जहाजावर असायचा तेव्हाही गादी इथेच होती. तेव्हा का नाही खाजवला?”

नोएमीने सुयांचं सामान गोळा करून ठेवलं.

“बाहेर काढू सगळं,” ती हट्टाने म्हणाली. “घर धुऊन काढू. आणि खाज थांबली तर?”

“तर मी लोर्नाकडे जाते. कायमची,” मानांग म्हणाल्या. “आणि नाही थांबली, तर मला पुन्हा कुणी जा म्हणायचं नाही. तूसुद्धा नाही, पोरी.”

टिनापाला दवाखान्यात ठेवून दोघींनी घर उपसलं. लग्नघर असावं तशा मानांग लगबगीने वावरत होत्या. डेल्फिनची गादी त्यांनी स्वतः पेटवली, त्याचे सदरे स्वतः गाठोड्यात बांधले, भिंती आणि फळ्या पांढऱ्या होईस्तोवर घासल्या. एवढं सगळं द्यायला हिला जड कसं जात नाही, या विचाराने नोएमीला वाईट वाटलं, पण निकालाची उत्सुकता त्याहून मोठी होती. आपण जिंकणार, ही बाई डोंगरावर नातवंडांत सुखाने राहणार, अशी तिची खात्रीच झाली होती.

टिनापा पुरता बरा झाला, अंगावर तजेला आला, तेव्हा एका दुपारी ती त्याला घेऊन गेली. तो थेट डेल्फिनच्या खोलीत गेला आणि रिकाम्या फळ्यांवर आडवा झाला. नोएमी उंबऱ्यावर बसून पाहू लागली. खिडक्या बंद होत्या. नुसता धुण्याच्या सोड्याचा वास येत होता. पलीकडे स्वयंपाकघरात मानांग पाठमोऱ्या उभ्या राहून वांगी परतत होत्या. बराच वेळ गेला. टिनापाने एकदाही कुशीकडे तोंड नेलं नाही. नोएमीच्या छातीत आनंद मावेना, आता हाक मारावी आणि सांगावं, मानांग, सामान बांधा.

टिनापाची शेपटी फळीवर हलकेच आपटली. त्याने डोळे अर्धवट मिटून घेतले. मग त्याच्या कानाची कड हळूच दुमडली, दोन बोटांच्या चिमटीत धरावी तशी, आणि मागेपुढे होऊ लागली. नोएमीने ती चिमटी ओळखली. तिने स्वतः ती दवाखान्यात शेकडो वेळा धरली होती.

मागचा पाय हलू लागला. टकटक टकटक, रिकाम्या खोलीत फळ्यांवर आपटत.

“पुरे आता, डेल्फिन,” कढईतलं वांगं उलटत, मागे वळूनही न बघता मानांग म्हणाल्या. “रक्त काढशील त्याचं.”

कान हळूच उलगडला, आणि पाय थांबला.