अंगठ्याखालचं बदक

...काठीची मूठ आता कोमट झाली होती. सकाळी पिशवीतून काढली तेव्हा पितळेचा तो गोळा थंडगार होता, आणि आता तिच्याच तळव्याची ऊब पिऊन तो असा जड, निवांत बसला होता—पोट भरून झोपलेल्या एखाद्या लहानग्या जिवासारखा. खाली ठेवायला हवा होता, पण ठेववत नव्हता. एका हातात माउस, एका हातात मूठ. समोर पडद्यावर हाच गोळा करड्या रंगात सावकाश फिरत होता आणि त्याच्या माथ्यावर, अगदी मधोमध, एक बदक बसलं होतं.

एका रेघेचं बदक. चोचीपासून निघायचं, डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर, मग वर उचललेली शेपटी, आणि पोटाखालून वळून पुन्हा चोचीशी. मधे बोट उचलायचं नाही. बाबांचं बदक असंच असायचं. ती पालथी पडायची, उशीत नाक खुपसून, आणि बाबा तिच्या पाठीवर बोटानं काढायचे. "ओळख बघू, ठमे." शेपटीपाशी बोट बरगडीवरून वळलं की हमखास गुदगुल्या व्हायच्या, ती वळवळायची, आणि बदकाची शेपटी लांबच लांब जायची. त्या शेपटीवरूनच तर कळायचं! कळलं की ती ओरडायची, "हत्ती!"

"चूक. परत."

बाबा बालवर्गाचे मास्तर. चूक हा शब्द इतक्या लाडानं उच्चारणारा माणूस तिनं नंतर पाहिला नाही. त्यांच्या तोंडून तो ऐकला की जणू कुणी खाऊच हातावर ठेवलाय असं मुलांना वाटायचं. आणि तिला तर तो हवाच असायचा. कारण बरोबर सांगितलं की बदक संपायचं. चूक सांगितलं की पुन्हा चोचीपासून सुरू.

"काय गं, डुलकी का?"

फोरमन. कारखान्यात त्यांना सगळे पाठीमागे मायक्रॉन म्हणायचे—केसाच्या शंभराव्या भागासाठीही भांडायची तयारी असलेला माणूस. तोंडावर मात्र काका.

"नाही काका. बघत होते."

"जेवणाच्या सुट्टीत मशीन तुझी. सुट्टी संपली की माझा जॉब चढणार. मग बदक असो की राजहंस, उतरवून ठेवायचं."

ते गेले. तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बदक देखणं होतं, त्यात शंका नाही. सपाट कागदावरचं चित्र गोल धातूवर चढवायचं म्हणजे लाडूवर कागद बसवण्यासारखं, कुठंतरी चुणी पडणारच. म्हणून तिनं ते माथ्यावर घेतलं होतं, जिथं गोळा जवळजवळ सपाट असतो. उंची नखाच्या जाडीएवढी. ही नवी मूठही त्यासाठी जुनीपेक्षा मुद्दाम फुगीर ठेवली होती, कारण उठाव म्हणजे वर काही चिकटवायचं नसतं. जे ठेवायचं त्याच्या भोवतीचं काढत जायचं, की ते आपोआप वर येतं. हे तिनं एकदा बाबांना समजावलं होतं, तर ते खूश होऊन म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की! पोराच्या भोवतीची भीती काढत जायची, पोर आपोआप वर येतं." बाबांना जिथं तिथं शाळाच दिसायची.

दिसायची... हा शब्द हल्ली घरात जपून वापरावा लागतो. बघ, पाहा, दिसलं का—केवढे शब्द आहेत, आणि सगळे कसे पायात येतात. डॉक्टर म्हणाले होते, नजरेच्या मधला डाग पसरत जाईल. बाबा म्हणतात, चष्म्याचा नंबर बदललाय. आंधळ्यांची पांढरी काठी तिनं एकदा नुसती सुचवली, तर जेवताना ते तिच्याशी बोलले नाहीत. आणि मग बागेतल्या बाकावरचं ते झालं. म्हाताऱ्यांच्या काठ्या एकमेकींना टेकून उभ्या, सगळ्या एकाच दुकानातल्या, सगळ्यांना तशीच गुळगुळीत पितळी मूठ. बाबा दुसऱ्याचीच घेऊन आले. तो माणूस दारात येऊन हसला, "काय मास्तर, माझी काठी पळवता? मी लंगडत आलो ना!" सगळ्यात मोठ्यानं बाबाच हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गुडघा दुखायला लागला. तेव्हापासून फिरणं बंद, काठी कोपऱ्यात. तिनं जुनी मूठ पिळून काढून मापाला आणली, त्यालाही आता आठवडा होईल, आणि काठी बोडकी उभी आहे हे त्यांना कळलेलं नाही. म्हणजे हातसुद्धा लावलेला नाही.

गुडघ्याचं निमित्त मला कळलंय हे त्यांना कसं कळू द्यायचं? आणि कळलं तर... मूठ हातात घेऊन ते बाहेर पडतील, किंवा काठी कायमची कोपऱ्यात जाईल. दोन्हीच्या मधे नखाएवढी उंची.

तिनं डोळे मिटले. सहजच. मूठ पकडली, काठी पकडतात तशी, आणि पटकन डोळे उघडले.

तळवा. माथ्यावर तर तळवा येतो.

चिकटपट्टीचा तुकडा दुमडून तिनं मुठीच्या माथ्यावर लावला. डोळे मिटून धरली. काहीतरी आहे—एवढंच. बदक की बटण, कळायला मार्ग नाही. ती उठून काकांकडे गेली.

"काका, डोळे मिटा. हात द्या."

"या वयात?"

"द्या ना हो! काय लागतंय?"

"काय लागणार, मूठ लागतेय."

तिनं पट्टी काढून बाजूला, उतरणीवर लावली, अंगठा टेकतो तिथं.

"आता?"

"आता कायतरी दुमडलेलं आहे. एक टोक वर आलंय." काकांनी डोळे उघडले. "अगं, तळवा म्हणजे हमाल. भार उचलतो, त्याला काय कळतंय? मी बर, कापल्यावर कडेला उरलेली धार, राहिली का बघायची तर अंगठाच फिरवतो की नाही?"

इतके दिवस ती पडद्यावर गोळा फिरवत होती, वरून, खालून, प्रकाश टाकून, आणि कुठं छान दिसतं ते बघत होती. कुठं छान दिसतं! डोळे असलेल्या माणसाचीच चूक. बाबा इथं असते तर म्हणाले असते—कसं म्हणाले असते ते तिला नेमकं ऐकू आलं आणि ती माउस घेऊन बसली.

बदक उतरणीवर आणलं तर ते बघता बघता करकोचा झालं. वरून टाकलेली सावली उतारावर लांबते, तसंच. मग सावलीसारखं टाकणं रद्द करून तिनं ते गुंडाळायला घेतलं, चित्र वाकवून पृष्ठभागावर बसवायचं. तोंड फिरवलं, म्हणजे अंगठा पहिल्यांदा चोचीलाच लागेल. पण कटर वरून सरळच उतरणार, उतरणीवर ते आडवं घासेल. मग मूठच तिरकी धरायला हवी. पाचरीचा ठोकळा शोधला, त्यावर मूठ आवळली, मोकळ्या झालेल्या मशीनला नवं शून्य, कुठून मोजायचं ती जागा, दाखवलं. पडद्यावर लुटुपुटूचं कटर फिरून गेलं, कुठं आदळलं नाही. आणि संगणकानं विचारलं, रेघ नितळ करू का? शेपटीशी ती जरा वेडीवाकडी होती, लांबलेली, वळवळलेली. तिनं हातानं तशीच काढली होती, मुद्दाम. नको, असं तिनं सांगितलं.

जेवणाची घंटा झाली. माणसं डबे घेऊन पांगली. काचेपलीकडे गोल टोकाचं कटर खाली आलं आणि पितळ सोनेरी भुशासारखं उडू लागलं. आधी भोवतीचं भराभर गेलं. बदकाच्या जागी नुसतं एक ओबडधोबड टेकाड उरलं. मग बारीक कटर... सावकाश... मानेवरून, पाठीवरून. कुणीतरी बोट न उचलता फिरवतंय, आणि कुणाची तरी पाठ निमूट पडून आहे. तिनं काचेला हात टेकला. मशीनची थरथर तळव्यातून वर आली.

मशीन थांबली, तिनं काच सरकवली. काका मागे येऊन उभे राहिले, घास चावत. "बदक गुळगुळीत झालं, पण भोवती रेघा राहिल्यात की. शेवटचा हात मारायचा राहिला का?"

"काढून टाकला मी. राहू द्या रेघा."

"माझ्या कारखान्यातून असा जॉब बाहेर?"

"काका, अंगठा फिरवा."

त्यांनी फिरवला. खरखरीतावरून गुळगुळीतावर. चावणं थांबलं. त्यांनी फडकं काढलं आणि मुठीवरचा भुसा स्वतः पुसला, फार वेळ, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.

संध्याकाळी घराच्या दारात आजचा पेपर तसाच पडला होता. तिनं तो हळूच उचलून पिशवीत सरकवला. बाबा खिडकीशी बसलेले, मांडीवर कालचा.

"आलीस? आज बातम्यांत काही दम नाही बघ."

"नसतोच हल्ली." तिनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि मूठ पिळून बसवली. पितळ लाकडाशी कुरकुरलं.

"काय चाललंय?"

"मूठ सैल झाली होती काठीची. धरून बघा—" शब्द सुटलाच. "धरा जरा. बसलीय का नीट?"

त्यांनी हात पुढे केला, काठीच्या जरा डावीकडे. तिनं काठी तिथं नेली. तळवा माथ्यावर बसला, बोटं पलीकडे वळली आणि अंगठा आपल्या जागी टेकला. टेकला आणि थबकला.

बाहेर कुणाची तरी सायकल कुरकुरत गेली. अंगठा हलला. चोच. डोकं. मानेवरून खाली, जिना उतरल्यासारखा. पाठीवर तो रेंगाळला. मग शेपटीवर चढला, तिच्या त्या वेड्यावाकड्या लांबलचक टोकापर्यंत गेला, आणि तिथंच राहिला. बाबांचा चेहरा खिडकीकडे. तिला आपला श्वास फार मोठा वाटायला लागला. आता ते काठी परत देतील. म्हणतील, गुडघा दुखतोय गं. किंवा म्हणतील, तुला कधी कळलं?

"ठमे," ते म्हणाले, "आता ओळखायची पाळी माझी वाटतं?"

"हं."

अंगठा शेपटीच्या टोकावर एकदा पुढे-मागे झाला.

"हत्ती."

म्हणजे... ओळखता आलं नाही? बोटांतलंही गेलं का? की शेपटी मी फार ओढली, की रेघांनी घोटाळा झाला? की... ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठांच्या कडेला काहीतरी होतं, किंवा खिडकीचा उजेडच तसा होता, तिला नीट दिसेना. आणि एवढी वर्षं तिला वाटत होतं की उशीत नाक खुपसून आपण मास्तरांना फसवलं! त्यांना पहिल्या वेळेपासून ठाऊक होतं का? ठाऊक असून प्रत्येक वेळी ते पुन्हा चोचीपासून... विचारता आलं असतं. विचारलं की संपलं असतं.

"चूक," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे याचं तिला नवल वाटलं, इतका तो लाडाचा निघाला. "परत."

अंगठा मागे आला, चोच शोधत. तिला कसलीच घाई नव्हती. खांद्यांच्या मधे, पाठीवर, कुणीतरी बोट टेकवल्यासारखं झालं आणि ती वळवळली नाही, अगदी स्थिर उभी राहिली.