यापाची मूठ

माझ्या सासूबाई यापा देताना खाली बघत नाहीत. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत मांडीवरच्या शालीत हात घालायचा, मूठ भरायची आणि पिशवीत सोडायची, अशी त्यांची पद्धत. आमच्या सिगसिगच्या बाजारात वरचं, म्हणजे यापा, दिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. बटाटेवाली दोन बटाटे टाकते, मक्याच्या कण्या विकणारी अर्धा डाव. पण सासूबाईंच्या, म्हणजे तार्हेलियाच्या, हातचा यापा म्हणजे औषधाच्या वरचं औषध, असं लोक म्हणतात. औषधी पाल्याच्या जुड्या मी बांधते, पाणी मी मारते, ओझं मी वाहते, आणि गिऱ्हाईक मात्र हात पसरतं ते त्यांच्यापुढे.

न बघता देणं ही लोकांना ऐट वाटते. मला माहीत होतं, की त्यांना दिसतच नाही.

दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलाय, ताकासारखा. त्या माणसं आवाजावरून ओळखतात, वाट पायांनी ओळखतात. जुड्यांतला पाला मी एकेक पान बघून लावते, त्यामुळे त्याची मला काळजी नव्हती. काळजी होती ती शालीतल्या पानांची. ती त्या स्वतः खुडतात, पहाटे बाजाराला येताना, कबरस्तानाच्या मागच्या पाटाच्या कडेनं. मी बरोबर गेलेलं चालत नाही. "यापा माझा आहे," म्हणतात. "तू तुझ्या जुड्या बघ."

पाटाच्या कडेला यांतेन, त्यांच्या यापाचा पाला, खंडीभर उगवतं. माणसाच्या पायाखाली वाढणारी ही वनस्पती. तिचं बी भिजलं की इसबगोलासारखं बुळबुळीत होतं, चपलेला चिकटतं आणि जिथं माणूस जाईल तिथं जातं. पानं जमिनीला अंग टाकून गोल पसरलेली, मधून उंदराच्या शेपटीसारखा तुरा. त्यावरची फुलं इतकी बारीक आणि मातकट, की मधमाशी ढुंकूनही बघत नाही. सगळं काम वारा करतो. पण खोकला, पोटातली जळजळ, जखम, कशालाही लावा, गुण येतो.

त्याच कडेला आता अंगुस्तानीही माजलीय. कुणीतरी कबरीवर शोभेला लावली आणि ती खाली उतरली. फुलावर आली की आंधळ्यालाही कळेल. कमरेएवढा दांडा, एका बाजूला लटकलेली जांभळी फुलं, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी, आत ठिपके. पण पहिल्या वर्षी तिला फुलच नसतं. नुसती पानं, यांतेनसारखीच जमिनीवर गोल पसरलेली.

त्या रविवारी लुस्मिला आली ती तणतणतच. तिचा नवरा मेसियास टोप्या पांढऱ्या करतो. विणणाऱ्या बायका गवती टोप्या आणून देतात, आणि तो त्या गंधकाच्या धुरीत ठेवून उजळवतो. गावात त्याच्याइतकी पांढरी टोपी कुणाची होत नाही.

"काय दिलंस गं मला?" लुस्मिला म्हणाली. "जळजळ थांबायची तर राहिली बाजूला, माणूस उलट्या करून अर्धा झालाय. आणि डोकंही फिरलंय. एकच टोपी तीनदा धुरीत घातली. म्हणतो, पिवळीच आहे. मी म्हटलं, अरे बाबा, दुधासारखी झालीय. तर म्हणतो, दूधही पिवळंच आहे."

मी हसले. खरंच हसले, कारण मेसियास टोपीवरून बायकोशी भांडतो हे गावाला नवं नाही.

"कडू होता का काढा?" मी विचारलं.

"कडूजहर! आणि मी काय तुझी जुडी वापरली नाही हो. जुडी तशीच आहे. यापाचीच पानं उकळली दोन दिवस. म्हटलं, आजींच्या हातची आहेत, लवकर गुण येईल. ही बघ, उरलीत."

यांतेन कडू नसतं. तिनं पुढे केलेलं पान मी हातात घेतलं आणि माझं हसू जागच्या जागी जिरलं. यांतेनच्या पानाला शिरा असतात पाच किंवा सात, सगळ्या देठापासून निघून शेंड्यापर्यंत बाजूबाजूनं धावणाऱ्या, आणि पान हळूच तोडलं तर त्यांचे दोरे लोंबतात. या पानाच्या शिरांचं जाळं होतं. वर सुरकुत्या, कडेला बारीक दाते, आणि पालथं केलं तर मऊ पांढरी लव. मी तोडलं. एकही दोरा निघाला नाही.

"आत्याबाई," मी सासूबाईंच्या कानाशी म्हटलं, "हे जरा बघता?"

त्यांनी पान घेतलं, डोळ्यांपुढे न धरता, नेहमीसारखं, अंगठा पाठीवरून फिरवत. अंगठा लवेवर थांबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं. त्या क्षणी कळलं, यावर मी कुठंही हात ठेवून शपथ घेईन.

"यांतेन आहे," त्या म्हणाल्या. "कोवळं आहे, म्हणून मऊ लागतं."

"आत्याबाई, माणूस मरेल."

"माझ्या हातून कुणी मेलेलं नाही." आणि त्यांनी तोंड फिरवून पुढच्या बाईला हाक मारली, "या ताई, काय देऊ?"

मी दुकान तसंच टाकलं आणि लुस्मिलाला ओढत तिच्या घरी नेलं. मेसियास भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर टोपी. ओठ पांढरे, आणि नाडी बघायला हात धरला तर ती कधी लागायची, कधी मधेच बुडी मारायची.

"डेल्फा," तो मला म्हणाला, "तू तरी खरं सांग. ही पांढरी आहे का?"

"पांढरी आहे."

"मग मला का नाही दिसत?" आणि तो रडायला लागला. टोप्यांवर पोट असलेल्या माणसाला पांढरा रंग दिसेनासा झाला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

शेजारच्याच्या टेम्पोतून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत लुस्मिला मला चिमटे काढत होती. "डॉक्टरणीला पाल्याचं सांगू नकोस हं. ती खेकसते. मागे मी अंगाला खाज आणणाऱ्या चिडवणीचा पाला लावला म्हणून मला सगळ्यांसमोर अडाणी म्हणाली होती." ही आमच्याकडची रीतच. दवाखान्यात सगळं सांगायचं, घेतलेला काढा तेवढा गिळायचा.

डॉक्टरीण उष्ण किनाऱ्यावरच्या ग्वायाकीलची, आमच्या डोंगरातल्या थंडीनं कायम नाक लाल. तिनं विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"उकडलेला मका," लुस्मिला म्हणाली. "आणि थोडं डुकराचं."

मी पान टेबलावर ठेवलं. "हे. दोन दिवस उकळून प्यायलाय. अंगुस्तानी."

डॉक्टरीण खेकसली नाही. पान बघून उभीच राहिली, मेसियासच्या छातीला तारा लावल्या, कुएंकाच्या मोठ्या दवाखान्याला फोन केला आणि गाडी मागवली. हृदयाच्या गोळ्या याच्यापासूनच बनायच्या, म्हणाली. मोजून दिलं तर औषध, नाहीतर हृदय बंद. गाडी येईपर्यंत ती मला विचारत राहिली, चूक झालीच कशी. मी यांतेनचं सांगितलं. तेव्हा म्हणाली, "गंमत म्हणजे आता पुस्तकात दोन्ही एकाच कुळात घालतात. फुलं बघून पटत नाही, पण आहेत एकाच घरातल्या."

मला त्यात नवल वाटलं नाही. एका घरात काय काय राहतं हे मी सून म्हणून बघितलंय.

"कुणी खुडलं?" तिनं विचारलं.

लुस्मिला माझ्याकडे बघत होती. दारात टेम्पोवाला होता, त्याच्यामागे आणखी चार डोकी. तार्हेलियाचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, की म्हातारी आंधळी आहे आणि विष वाटते. मग त्या घरात बसल्या असत्या, भिंतीकडे तोंड करून. माझा नवरा न्यूयॉर्कला लोकांच्या भिंती रंगवतो, दर फोनला एकच पालुपद, "आईला दुखवू नकोस, डेल्फा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी खुडलं," मी म्हणाले. "आत्याबाईंच्या शालीत मीच टाकलं होतं. त्यांनी फक्त उचलून दिलं."

लुस्मिलानं माझ्या थोबाडीत मारली. मी खाल्ली.

मेसियास वाचला. कुएंकाहून परतला तेव्हा सुकलेल्या भोपळ्यासारखा दिसत होता, पण टोपी त्याला पुन्हा पांढरी दिसते. लुस्मिला मात्र माझ्या सावलीलाही उभी राहत नाही. आणि बाजारानं काय करावं? माझ्या जुड्यांना कुणी हात लावेना. बाया येत, माझ्याकडे पाठ करून सासूबाईंपुढे बसत. "आजी, तुमच्या हातचं द्या. हिनं बांधलेलं नको." मग त्यांनी शालीत हात घालायचा आणि मी बाजूला बसून बघायचं. ज्या हातानं विष दिलं तो हात आता आणखी चालायला लागला होता, आणि तो चालू केला होता मी!

घरी मी सांगून पाहिलं. "पहाटे मी येते बरोबर. नुसती चालीन मागून."

"तुला कशाला? लोक म्हणतील, पुन्हा सून पानं खुडायला लागली."

मला वाटलं होतं, निदान घरात, चुलीपाशी, एक शब्द तरी बोलतील. नाही. त्या पानाचा विषय काढला की त्या उठून डुकराला घालायला जात. एकदा शाल झटकताना मी आतली पानं चाळायला गेले, तर माझ्या बोटांवर फटका मारला. हे सगळं मी सहन केलं असतं. पण एका रविवारी फळवाली त्यांना म्हणाली, "कशी हो तुमची सून!" तर सासूबाई काय म्हणाव्यात? म्हणाल्या, "जाऊ दे गं. चुकतं माणसाचं. मी तिला माफ केलंय."

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. मला माफ केलंय! त्या दिवशी घरी जाताना मी ओझं घेऊन पुढे चालू लागले, त्यांना खाचखळगा सांगितला नाही. त्या एकदा धडपडल्या. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पुढच्या रविवारी एक पोरगी आली, डोंगरापलीकडची, पाठीशी तान्हं बांधलेलं. पोर खोकून खोकून निळं पडत होतं.

"आजी, यांतेन पाहिजे. दुधात उकळून देते. आणि यापा जरा सढळ द्या हो, लांबून आलेय."

सासूबाईंचा हात शालीत गेला. वर शाल, खाली हात, आणि त्या हातात काय आहे ते जगात कुणालाच दिसत नव्हतं. मेसियास धडधाकट बाप्या होता, तरी मरता मरता वाचला. हे पोर माझ्या हातभर होतं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा की तुम्ही!" पोरगी माझ्यावर ओरडली. तिलाही कुणीतरी सांगितलेलं होतंच. "तुम्ही हात लावू नका. मला आजींच्याच हातचं पाहिजे."

फळवालीनं मान वळवली. कण्यावालीचा डाव हवेतच थांबला. सासूबाई मनगट ओढत होत्या आणि मी सोडत नव्हते. मनात म्हटलं, आता ही म्हातारी मला सगळ्यांसमोर झिडकारणार. झिडकारू दे. मी सोडणार नाही.

पोर पुन्हा खोकलं. सासूबाईंनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं, पण ते चुकलं. त्या पोराच्या पलीकडे, पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहिल्या. पोरगीच्या ते ध्यानात आलं. ती एक पाऊल मागे सरली.

मग त्यांनी हात बाहेर काढला आणि मूठ माझ्या फडक्यावर उघडली.

"डेल्फा, बघ."

मी बघायला लागले. एकेक पान पालथं करून, शिरा बघून, देठ तोडून.

"मोठ्यानं सांगा ना, आजींना काय झालंय," पोरगी म्हणाली.

"ती कशाला सांगेल?" सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, गिऱ्हाइकाला हाक मारायचा, पार बाजाराच्या शेवटच्या पालापर्यंत जाणारा. "मला दिसत नाही. दोन पावसाळे झाले, दिसत नाही. मेसियासला गेलेली पानंही मीच खुडली होती. हिनं नाही. हिनं मला झाकलं."

हे ऐकायला मी इतके दिवस आसुसले होते. रात्रंदिवस मनात त्यांच्या तोंडून वदवून घेत होते. आणि आता त्या बोलल्या तेव्हा मला वाटलं, त्यांच्या तोंडावर हात ठेवावा आणि सगळ्यांना म्हणावं, म्हातारी बरळतेय, लक्ष देऊ नका.

फडक्यावरची पानं सगळी यांतेनच होती. शेवटचं पान तोडलं तेव्हाही दोरे लोंबले. मी ती पोरगीपुढे धरली. तिनं पानांकडे बघितलं, सासूबाईंच्या डोळ्यांकडे बघितलं, पोराला पाठीवर घट्ट आवळलं आणि काही न घेता पलीकडच्या रांगेत गेली. फळवालीनं सकाळी सासूबाईंच्या हातून घेतलेली पानं आणून गुपचूप टोपलीत ठेवली.

सासूबाईंनी चाचपडत माझा गुडघा शोधला.

"कोण कोण बघतंय गं?"

"सगळे बघतायत, आत्याबाई."

"मग नीट बस," त्या म्हणाल्या. "पाठ वाकवू नकोस."