नत्थूजींची चाल

"रेघच वाकडी हाय, हरिदासभाऊ," नत्थूजी म्हणाले. "गोदामाकडे पहा न, तिकडे सरकली ते."

"तुमी फक्त चाला जी," हरिदास सुपरवायझर खेकसला. "रेघेचं आमी पाहून घेऊ."

त्याच्या हातात चुन्याची टोपली होती. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या अंगणात त्याने चाळीस पावलांची पांढरी रेघ ओढली होती आणि ती खरोखरच वाकडी होती. दोन्ही बाजूंना कामगार उभे होते. मॅनेजरसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. नत्थूजी दारू पिऊन कामावर आले होते की नाही, हे त्या रेघेवर ठरायचं होतं. मी तिथला टायपिस्ट. वही-पेन्सिल घेऊन साहेबांच्या मागे उभा होतो. साल अठ्ठ्याहत्तर. आज सांगतानाही माझं डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

नत्थूजी चहासुद्धा पीत नसत. नऊ वर्षांपूर्वी याच जिनिंगमध्ये थप्पीवरून दाबून बांधलेल्या कापसाची अवजड गठाण सुटली आणि त्यांच्या कमरेवर आली. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक पाऊल डावीकडे झुकायचं, क्षणभर तिथेच थांबायचं आणि मग शरीर सावरून परत यायचं. कामगारांनी त्यांचं नाव डुलतराव पाडलं होतं. तेही हसायचे. जड काम होईना म्हणून जुन्या मॅनेजरने त्यांना पाहुण्यांना पाणी द्यायला ठेवलं होतं.

नवे साहेब येऊन दोन महिने झाले होते. एक दिवस मालकांचे व्याही जिनिंग पाहायला आले. नत्थूजींनी पाण्याचा ट्रे नेला, शरीर डावीकडे गेलं आणि दोन्ही ग्लास व्याह्यांच्या मांडीवर सांडले. व्याही धोतर झटकत म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यात तर दारूबंदी आहे ना?" सगळे हसले. साहेब मात्र लाल झाले. त्यांनी हरिदासला मुंबईच्या हेड ऑफिससाठी रिपोर्ट द्यायला सांगितलं. तोही इंग्रजीत.

हरिदास माझ्या टेबलाशी आला. "लिहा बाबू, डुलत डुलत आला अन् पाणी सांडवलं."

आता डुलत म्हणजे काय? शाळेत आमच्या मास्तरांनी मला इंग्रजी समानार्थी शब्दांची वही करायला लावली होती आणि त्या वहीचा मला फार गर्व होता. मी ती ड्रॉवरमधून काढली. लिंप, म्हणजे लंगडणं, सहावीच्या पोरालाही येतो. टॉटर नुकत्याच चालू लागलेल्या पोरासाठी, हॉबल म्हातारीसाठी, वॉबल सायकलच्या चाकासाठी. स्टॅगर मला भारदस्त वाटला. मी 'स्टॅगरिंग' टाइप केलं. हरिदासने न वाचता सही ठोकली.

पंधरा दिवसांनी कागद परत आला. त्या शब्दाखाली लाल रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, दारुड्याला कामावर का ठेवलं आहे, चौकशी करा. मी ऑफिसातला मोठा शब्दकोश उघडला. शब्दाखाली उदाहरण दिलं होतं ते गुत्त्यातून झोकांड्या खात बाहेर पडणाऱ्या माणसाचं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, शब्द माझा चुकला. लिंपिंग पाहिजे होतं. ते चालतातच तसे."

"सही हरिदासची आहे. तुझं काम टाइप करायचं," साहेब म्हणाले. "चालतोच तसा म्हणतोस ना? मग पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर चालून दाखवू दे."

मला वाटलं, सुटलो. चाल पाहिली की प्रश्नच मिटला. संध्याकाळी सायकल काढून मी पिपरी मेघेला त्यांच्या घरी गेलो. नत्थूजी आणि त्यांची बायको देवकाबाई दोघंही दारातच बसले होते.

"नोकरी गेली त जाऊ द्या बाबू," नत्थूजी म्हणाले. "पण लोकं दारुड्या म्हनून राह्यले मले. ते नाई चालत."

"काकाजी, मंगळवारी फक्त नीट चाला," मी म्हटलं.

नीट म्हणजे सांभाळून, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी नीट म्हणजे सरळ असं ऐकलं. देवकाबाईंनी त्याच रात्री अंगणात रांगोळीची रेघ ओढली. आठ दिवस ते कमरेला पट्टा आवळून त्या रेघेवरून चालत होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी ते चालले. दात-ओठ खाऊन, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. घाम कानावरून गळत होता. रेघ जिथे वाकडी होती तिथे तेही वळले, पण डावीकडे झुकले नाहीत. कोणीतरी टाळी वाजवली. मी मात्र साहेबांकडे पाहिलं.

नत्थूजी व्हरांड्यापुढे येऊन थांबले. छाती भात्यासारखी चालली होती. "पहा साहेब. दारू पेनारा असा चालते का?"

"म्हणजे तुला सरळ चालता येतं," साहेब म्हणाले. "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

नत्थूजींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, त्यांच्यावर गठाण पडली होती!" मी ओरडलो. "इथेच पडली होती. सगळ्यांना ठाऊक आहे!"

"रजिस्टरमध्ये नोंद आहे?"

नव्हती. त्या वेळी त्यांना बैलगाडीत घालून घरी पाठवलं होतं, नोंद कोण करणार? मी कामगारांकडे पाहिलं. नऊ वर्षं डुलतराव म्हणून हाका मारणारी ती माणसं खाली पाहत होती. हरिदास हातावरचा चुना पुसत होता. अशी चीड आली, की ती टोपली त्याच्या डोक्यावर उपडी करावी.

"घेतली होती असं लिहून द्या न जी," हरिदास हळूच म्हणाला. "माफी मांगा. साहेब ठेवून घेतीन."

"घेतली नाई त घेतली काऊन लिहू?" नत्थूजी म्हणाले.

त्यांनी सदऱ्याखाली हात घालून कमरेचा पट्टा सोडला. आत कंबर ताठ राहावी म्हणून खोचलेला, गठाण बांधायच्या लोखंडी पट्टीचा तुकडा होता, फडक्यात गुंडाळलेला. फडक्यावर रक्ताचे डाग होते. ते सगळं त्यांनी व्हरांड्याच्या पायरीवर ठेवलं आणि मला विचारलं, "बाबू, तो शब्द कोनता होता?"

"स्टॅगरिंग."

"अन् माह्या चालीचा?"

"लिंपिंग."

"सोपाच त होता," ते म्हणाले आणि फाटकाकडे निघाले.

"लिही," साहेब म्हणाले. "सर्वांसमोर सरळ चालला."

मी टेबलाशी बसलो आणि ते टाइप केलं. नोकरीला लागून मला दीडच वर्ष झालं होतं. खिडकीतून पिपरीचा रस्ता दिसत होता. नत्थूजी आता डावीकडे पार झुकून, थांबून, सावरून चालले होते. समोरून आलेल्या सायकलवाल्याने त्यांना पाहून घंटी वाजवली आणि हसत हसत लांबून वळसा घातला.